हॅलिफॅक्स-क्वेबेकच्या याद्यांत पणजोबा सापडत नव्हते: माझा अनुभव

नवऱ्याचे पणजोबा इंग्लंडहून कॅनडाला आले, पण तिथल्या हॅलिफॅक्स, क्वेबेक या बंदरांच्या प्रवासी-याद्यांत नावच नाही. आडनावाची सगळी स्पेलिंगं घालून पाहिली. दोन वर्षं गेली, रडू यायचं.

शेवटी हे जमलं. आधी कॅनडाची १९११ची जनगणना काढली. त्यात स्थलांतराचं वर्ष असतं, १९०७ मिळालं. मग ब्रिटनमधून सुटणाऱ्या जहाजांच्या याद्या (१८९०–१९६०, ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातली मालिका बीटी २७) शोधल्या: पहिलं नाव रिकामं ठेवून आडनाव, वय आणि १९०७च्या दोन वर्षं मागेपुढे. नोंद मिळाली: फेब्रुवारी, लिव्हरपूल ते पोर्टलंड, म्हणजे अमेरिका! हिवाळ्यात क्वेबेककडे जाणारी सेंट लॉरेन्स नदी गोठायची, म्हणून जहाजं तिकडे लागायची. मग कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या अमेरिकी बंदरांत उतरून कॅनडाला जाणाऱ्यांच्या याद्या (१९०५–१९२८) उघडल्या. तिथे पणजोबा होते, धाकट्या भावासकट.