नौकेवर अँटेना बसवताना या चुका टाळा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नौकेवरील वायरलेस व जीपीएसचे काम नीट करायला तेवढा काळ पुरेसा असतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मालक मला अँटेना बसवायला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बोलावतात आणि त्या घाईत दरवर्षी त्याच त्या चुका होतात.

सर्वांत महागात पडते ते जोडणीत शिरलेले पाणी. काही वर्षांपूर्वी एका ट्रॉलरच्या तांडेलाची (नौका चालवणाऱ्या प्रमुखाची) तक्रार होती की जवळच्या नौकांचे बोलणे ऐकू येते, पण आपली हाक दोन-तीन मैलांपलीकडे कोणालाच पोहोचत नाही. मालकाने तोपर्यंत नवा वायरलेस संचही घेतला होता. मी आधी डोलकाठीवर चढलो. अँटेनाखालच्या कनेक्टरवर साधी काळी टेप गुंडाळलेली होती. ती सोडताच आतून पाणी ओघळले, आणि वीत-वीत करीत केबल कापत गेलो तरी मधल्या तारेभोवतीची तांब्याची जाळी हिरवीच निघत होती. पाणी जाळीच्या तारांमधून खाली झिरपत जाते, म्हणून टोक छाटून भागत नाही. पूर्ण केबल बदलली, जुनाच संच परत लावला, आणि तो व्यवस्थित चालला.

म्हणून मी स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळतो, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. तिच्यावर उन्हापासून रक्षणासाठी विनाइल टेप लावतो. केबल केबिनमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल देतो, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडणीवर लावू नये, ते तांबे खाते.

दुसरी चूक जीपीएस अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावण्याची. व्हीएचएफला, म्हणजे बोलण्याच्या वायरलेसच्या अँटेनाला, उंची हवीच, कारण तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पण जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने आपल्या आठ मीटरने काहीच साधत नाही. उलट नौका दोन्ही बाजूंना १५ अंश कलंडली की ते टोक चार मीटर झुलते आणि संथ चालीत प्लॉटर (नकाशावर नौकेची जागा दाखवणारा पडदा) त्या झोक्यालाच नौकेची गती समजतो. केबिनच्या छतावर, आकाश मोकळे असेल तिथे, रडारच्या झोताबाहेर आणि व्हीएचएफ अँटेनापासून किमान मीटरभर अंतरावर ती बसवावी.

स्वस्तात मिळते म्हणून आरजी-५८ ही बारीक केबल वापरू नका. चॅनल १६ च्या (आणीबाणीच्या हाकेच्या चॅनलच्या) १५६.८ मेगाहर्ट्झवर तिच्या १५ मीटर लांबीत २५ वॅटपैकी जवळपास निम्मी शक्ती वाया जाते. मी जाड आरजी-२१३ च वापरतो.

मल्टिमीटरने तपासताना मधली तार आणि जाळी जुळलेली दिसली की नवशिके अँटेना बाद ठरवतात. काही अँटेनांची रचनाच तशी असते, आधी माहितीपत्रक वाचा.

अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नका.

काम झाल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा) मोजावा, १.५ च्या आत आला तरच मी खाली उतरतो आणि तो आकडा तारखेसह संचाजवळ लिहून ठेवतो. पुढच्या जुलैत तो वाढलेला दिसला, तर आधी वरची जोडणी उघडायची.