इंग्लंडमधल्या शाळेचे ईबॅकचे आकडे कसे वाचायचे

सेकंडरी शाळेच्या प्रवेशाचे फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे दरवर्षी त्या सुमारास पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतंच, ह्या शाळेचं ईबॅक ३५ टक्के, त्या शाळेचं २०, मग ३५वालीच टाका ना पहिल्या नंबरला, आणि खाली अंगठ्यांची रांग. मला हे आता वाचवत नाही. आकडे उपयोगाचे आहेत, नक्की बघा, पण एकच टक्केवारी उचलून शाळा ठरवू नका.

आधी एक गोष्ट पक्की करा, ईबॅक (इंग्लिश बॅकलॉरिएट) नावाचं सर्टिफिकेट मुलाला मिळत नाही. २०१० मध्ये मायकल गोव्ह शिक्षणमंत्री असताना शाळा मोजायला काढलेलं हे माप आहे. ठरावीक विषयांत किती मुलं जीसीएसईला (यिअर ११ च्या शेवटी, सोळाव्या वर्षाच्या सुमारास देतात त्या परीक्षेला) बसली आणि त्यांना काय मिळालं, एवढंच ते सांगतं. विषय म्हणजे इंग्लिश (लँग्वेज आणि लिटरेचर दोन्हीला बसायचं), मॅथ्स, सायन्स, हिस्ट्री किंवा जिऑग्राफी, आणि एक भाषा, त्यात लॅटिनसुद्धा चालतं. सायन्सला कम्बाइन्ड, नाहीतर बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, कम्प्युटर सायन्स यातले तीन. आर्ट, म्युझिक, ड्रामा, डीटी (डिझाइन अँड टेक्नॉलॉजी), रिलिजस स्टडीज यात धरतच नाहीत, तेव्हा शाळेचा म्युझिक विभाग कितीही भारी असला तरी तो इथे दिसणार नाही.

शाळांची तुलना करायच्या सरकारी साइटवर जा, शाळा शोधा, शक्य तितक्या वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. २०२० आणि २०२१ चे शोधू नका, कोविडमुळे ते शाळावार दिलेच नाहीत.

आता खरी मेख. इथे मी स्वतः बरेच दिवस अडकले होते, म्हणून सावकाश सांगते.

साइटवर ईबॅकचे वेगवेगळे आकडे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक, किती टक्के मुलं सगळ्या विषयांना बसली. दोन, किती टक्के मुलांना त्या सगळ्यांत ग्रेड ५ किंवा वर मिळाली (ग्रेड १ ते ९ असतात, ९ सगळ्यात वरची). तीन, एपीएस, म्हणजे सरासरी गुण. दुसरा आकडा बसलेल्या मुलांपैकी नसतो, अकरावीच्या वर्षातल्या म्हणजे यिअर ११ च्या सगळ्या मुलांपैकी असतो, हे पहिल्यांदा डोक्यात घट्ट बसवा. समजा दोन्ही शाळांत १८० मुलं आहेत. पहिल्या शाळेने ४५ बसवली, ३६ ना ५ किंवा वर मिळाले, म्हणजे २० टक्के. दुसरीने १२६ बसवली, ६३ ना मिळाले, म्हणजे ३५ टक्के. ग्रुप म्हणणार दुसरी चांगली. मग कुणीतरी हुशार माणूस भागाकार करून म्हणणार की अहो पहिलीत बसलेल्यांपैकी ८० टक्के आले आणि दुसरीत फक्त ५० टक्के, तेव्हा पहिलीच चांगली. हेही चूक! पहिल्या शाळेने कदाचित वरची मुलंच निवडून बसवली, मधल्या मुलांना भाषा घेऊच दिली नाही. तुमचा मुलगा मधला असेल तर तुमच्यासाठी ते ८० टक्के काहीच कामाचे नाहीत.

म्हणून आधी फक्त बसलेल्यांचा टक्का बघा. तो शाळेची हुशारी सांगत नाही, शाळेचं धोरण सांगतो. देशभरात तो ४० च्या आसपासच घुटमळत राहिलाय, सरकारने ९० टक्क्यांचं ध्येय ठेवलं होतं तरी, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे भाषा. बाकीचे विषय बहुतेक मुलं घेतात, अडतं ते फ्रेंच-स्पॅनिशपाशी.

आणि हीच भाषा एपीएसमध्ये घोळ घालते. एपीएसमध्ये न घेतलेल्या विषयाला शून्य धरतात आणि बेरजेला ६ ने भागतात (सायन्सचे दोन धरून). एक मुलगी घ्या, इंग्लिश, मॅथ्स, सायन्सचे दोन्ही, हिस्ट्री, सगळीकडे ७, पण भाषा घेतली नाही. बेरीज ३५, भागिले ६, म्हणजे ५.८३. तिनेच फ्रेंच घेऊन त्यात साधे ४ मिळवले असते तर ३९ भागिले ६, म्हणजे ६.५. आणि सगळीकडे ६ मिळवणारा, भाषा घेतलेला मुलगा ६.० वर, म्हणजे सगळीकडे ७ असणाऱ्या मुलीच्या पुढे. तेव्हा एपीएस कमी दिसलं की लगेच शिकवणं वाईट असं म्हणायचं नाही, आधी बसलेल्यांचा टक्का बघायचा. टक्का कमी आणि एपीएस बरं असेल तर बाकीचे विषय नीट शिकवतायत, भाषा सोडलीय. टक्का भरपूर आणि एपीएस खाली असेल तर मात्र मी प्रश्न विचारेन, कारण मुलांना झेपत नसताना पाचही ठिकाणी ढकललंय असं असू शकतं.

यानंतर प्रायमरीच्या शेवटी मुलं कुठे होती त्यानुसार केलेले गट बघा, कमी, मधले, वरचे. तुमच्या मुलाच्या गटाचीच ओळ वाचा. ग्रामर स्कूलची तुलना शेजारच्या साध्या शाळेशी करू नका, निवडूनच घेतलेली मुलं आहेत ती. मात्र हे गट आणि प्रोग्रेस ८ (प्रायमरीनंतर मुलं किती पुढे गेली याचं माप) दोन्ही २०२४ च्या निकालापर्यंतच सापडतील, कारण २०२५ आणि २०२६ च्या बॅचची सहावीची सॅट्स (प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षा) कोविडमध्ये झालीच नाहीत.

प्रायव्हेट शाळांचे आकडे इथे वाचूच नका. त्या बऱ्याचदा आयजीसीएसई (जीसीएसईचीच आंतरराष्ट्रीय परीक्षा) घेतात, ते यात धरत नाहीत, म्हणून नावाजलेल्या शाळेपुढेही शून्य दिसू शकतो.

शेवटी ओपन इव्हनिंगला जा आणि हेड टीचरचं भाषण ऐकून परत येऊ नका, भाषेच्या टीचरला गाठा. यिअर ११ पर्यंत कुठल्या भाषा चालू असतात? गेल्या वर्षी पुरेशी मुलं नाहीत म्हणून एखादा वर्ग बंद केला का? ऑप्शन्सच्या, म्हणजे जीसीएसईचे विषय निवडायच्या, फॉर्मवर फ्रेंच आणि कम्प्युटर सायन्स एकाच ब्लॉकमध्ये असतात का, म्हणजे दोन्हीतलं एकच घेता येतं का? तो कोरा फॉर्मच मागा, देतात. मला स्वतःला टक्केवारीपेक्षा ह्या एका कागदावरून शाळा जास्त कळते. (मराठीचं जीसीएसई नाही, त्यामुळे घरच्या मराठीवर ही जागा भरता येणार नाही. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दूचं आहे आणि ते धरतात.)

नोव्हेंबर २०२५ मध्ये अभ्यासक्रमाचा फेरआढावा आला आणि ईबॅकची मापं काढून टाकायची शिफारस सरकारने मान्य केली. त्यामुळे पुढे हे कॉलम सापडले नाहीत तर गोंधळू नका, कितीजण भाषा आणि हिस्ट्री किंवा जिऑग्राफी घेऊन परीक्षेला बसले हे शाळेलाच ईमेल करून विचारा, हिशोब वरचाच.