पूर ओसरल्यावर गाळात उतरणाऱ्यांसाठी

पुराच्या पाण्यातून वाचलेला माणूस पुढच्या पंधरवड्यात गाळामुळे आजारी पडू शकतो. 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंमुळे येणाऱ्या तापाची साथ आली होती. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात येतात आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. म्हणून काम सुरू होण्याआधी मुकादमाने प्रत्येकाचे हातपाय बघावेत. बारीक जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. उघडी जखम असेल त्याला गाळात उतरवू नका, त्या दिवशी सुकं काम द्या. मजुरी मात्र कापू नका, नाहीतर उद्यापासून कोणी जखम दाखवणार नाही.

गमबूट गुडघ्यापर्यंतचे आणि मापाचेच हवेत. सैल बूट गाळात रुततो, पाय बाहेर येतो, मग माणूस वैतागून अनवाणीच काम करतो. हातमोजे जाड रबरी घ्या. गाळात काचा, पत्रे, खिळे असतातच, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते आधीच तपासून घ्या.

लेप्टो टाळण्यासाठीची डॉक्सीसायक्लिनची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. प्रौढांना साधारणपणे आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम देतात. गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. आणि गोळी घेतली तरी बूट हवेतच.

घरात शिरण्याआधी वीजपुरवठा खांबावरून तोडून घ्या. इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नका, मेन स्विच पाडला तरी त्यातून तारेत वीज येते. तळघर उपसताना डिझेल पंप बाहेरच ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. तुंबलेल्या सेप्टिक टाकीत कोणालाच उतरवू नका, 2013 च्या कायद्यानेही धोकादायक सफाईला बंदी आहे. आत पडलेल्याला काढायला धावणारा दुसराही तिथेच गुदमरतो.

फरशीसाठी लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर रोज ताजी कालवा. आधी चिखल धुवून काढा, नाहीतर क्लोरीन चिखलातच संपतं. त्यात अ‍ॅसिड कधीच घालू नका, विषारी वायू सुटतो.

लेप्टोची लक्षणं दिसायला महिनाही लागू शकतो आणि तोवर ठेक्यावरचे कामगार आपापल्या गावी गेलेले असतात. त्यांचे फोन नंबर लिहून ठेवा, 30 दिवस विचारपूस करा. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला सांगा, आणि आपण पुराच्या गाळात काम केलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा.