मुलांचं संगीत नाटक बसवताय? आधी पट्टीचं बघा

सांगलीत मुलांचं संगीत नाटक करतेय म्हटलं की समोरचा माणूस थेट १८४३ सालात जातो. विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’, नाट्यपंढरी. ऐकायला बरं वाटतं, तालमीत त्यातलं काही कामाला येत नाही. कामाला येतं ते वेगळंच: बसल्या जागी तेच गाणं दुसऱ्या पट्टीत, म्हणजे ‘सा’ वर किंवा खाली सरकवून, वाजवून देणारे पेटीवाले काका या भागात अजून भेटतात, बहुतेक भजनी मंडळांत. आधी असा माणूस गाठा. नेपथ्य आणि कपडे नंतर.

एकांकिका तुम्ही केलेल्या असणार, त्यामुळे वाचन, हालचाली, पाठांतर यावर मी काही सांगत नाही. मुलांचं गाण्याचं नाटक बहुतेक वेळा एकाच जागी अडकतं, ते म्हणजे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांचा गळा.

वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलग्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन स्वरांनी, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं एका रात्रीत होत नाही. मधले काही महिने असे जातात की वरचे स्वर गेलेले असतात, खालचे अजून आलेले नसतात आणि हातात पाच-सहा स्वर उरतात. तेही सोमवारी एक असतात, गुरुवारी दुसरे.

आता आपलं वेळापत्रक बघा. जूनमध्ये निवड, प्रयोग दिवाळीनंतर. म्हणजे निवडीच्या दिवशी ऐकलेल्या गळ्यावर तुम्ही चार-पाच महिन्यांनंतरचा प्रयोग उभा करताय.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. नायकाचं काम करणारा मुलगा जूनमध्ये काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, वर सहज जायचा. पालकांच्या वर्गणीतून गाण्यांच्या साथीचे रेकॉर्डेड ट्रॅक करून घेतले, सगळे काळी चारमध्ये. सहामाही परीक्षा संपेपर्यंत त्याचा अंतरा फाटायला लागला. ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवून पांढरी चारला आणला, तर कोरसमधल्या मुलींच्या खालच्या ओळी ऐकूच येईनात, आणि त्याला तर तेही उंचच पडत होतं. आणखी उतरवला तर बासरी रेड्यासारखी वाजायला लागली. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट दुखायला लागलं, मग पाय, मग क्लास.

मार्ग काढला पेटीवाल्या काकांनी. मुलग्याचं कडवं पांढरी एकमध्ये, मुलींचं पांढरी पाचमध्ये आणि मध्ये चार वाक्यांचा संवाद. पांढरी एकचा पंचम (‘प’) म्हणजेच पांढरी पाच, त्यामुळे मुलग्याचा पंचम तोच मुलींचा षड्ज होतो आणि कानाला धक्का बसत नाही. तबला पांढरी पाचला लावला की दोन्हीकडे चालतो, ठोकाठोकी करत बसावं लागत नाही. प्रेक्षकांना वाटलं, चाल मुळातच तशी आहे.

म्हणून सांगते, वही करा. प्रत्येक मुलामुलीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा, त्रास न होता लागणारा स्वर पेटीवर बघून तारखेसकट लिहा. दर महिन्याला परत बघा. मुलग्यांची गाणी सहा स्वरांत बसतील अशा चाली मागा; संगीतकार कुरकुर करेल, करू द्या. मोठ्या गाण्याला दुसरा मुलगा तयार ठेवा आणि ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर कुणाचा अपमान होत नाही. आवाज फुटत असलेल्या मुलाला ‘ताण, लागेल’ असं चुकूनही म्हणू नका. ताणून गळा बसतो, स्वर लागत नाही. त्याला तालात बोलायच्या ओळी द्या, सूत्रधार करा. हा आजार नाही, काही महिन्यांत नवा आवाज स्थिरावतो. हे त्याला आणि त्याच्या आईला दोघांनाही सांगा. बरेचदा आईच जास्त घाबरलेली असते.

पट्टी म्हणजे काय हे मुलांना सांगून कळत नाही. मिरज शेजारी आहे, एक दुपार काढा आणि सतारमेकर गल्लीत न्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यासाठी नको. पुरुषांच्या गळ्यासाठीचा मोठा तंबोरा आणि बायकांसाठीचा लहान शेजारी ठेवून छेडला की मुलांच्या डोक्यात एका मिनिटात प्रकाश पडतो. तालमीत मग फोनवरचा तंबोरा चालतो.

ओठ हलवून मागे रेकॉर्ड लावायची असेल तर कृपया त्याला संगीत नाटक म्हणू नका. शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे. पालक सुचवतातच, ‘मॅडम, रिस्क कशाला?’ रिस्क त्यातच आहे: प्रयोगात एक मूल ओळ विसरलं तर पेटीवाला थांबतो, रेकॉर्ड थांबत नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. बाहेरून येऊन दोन दिवसांचं शिबिर घेणारे, सर्टिफिकेट वाटणारे आणि फोटोत मध्यभागी उभे राहणारे मला कधी उपयोगी पडलेले नाहीत. त्यांच्यापेक्षा जुन्या संगीत नाटकांना पायपेटीची साथ केलेले आजोबा बरे. ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतील, तासभर ऐकून घ्या. त्यानंतर ते जे सांगतात ते सोन्यासारखं असतं.

तारखांचं थोडक्यात. जुलैपासून ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि तुमची निम्मी मोठी मुलं संध्याकाळी तिकडे असतात. भांडू नका, त्या काळात लहानांचे प्रवेश बसवा. गणपतीत साउंडवाला मिळत नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की नदीकाठच्या मुलांना बोलावू नका, आणि सामान कधीही तळमजल्यावर ठेवू नका. २०१९चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागत नाही.

कॉलर माइक सगळ्यांना लावायच्या मोहात पडू नका. घामाने बंद पडतात, नाचात घासले की खरखरतात. गाणाऱ्या चौघांना द्या, बाकीच्यांसाठी पुढे उभे माइक ठेवा आणि अंतऱ्याला नाच थांबवा. दमलेलं मूल सुरात गाऊ शकत नाही, तालमीत कितीही जमलेलं असलं तरी.

आणि संहिता दुसऱ्याची असेल तर लेखकाची परवानगी लेखी घ्या. जाहीर प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. त्याचा अर्ज नाट्यगृहाची तारीख मिळाल्यावर नाही, संहिता पक्की झाली त्याच आठवड्यात करा.