विनाकारण जीव घाबरतो तेव्हा काय करावं

स्वारगेटला सिग्नलवर उभं असताना एकाएकी छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो. मन लगेच कारण शोधू लागतं: नोकरी, मुलं, घराचे हप्ते. शोधलं की काहीतरी सापडतंच, आणि घाबरणं त्यालाच चिकटतं. म्हणून धडधड चालू असताना कारण शोधूच नका.

त्या वेळी फक्त श्वास. नाकाने 4 अंक मोजत घ्या, 6 अंक मोजत सावकाश सोडा, 5 मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. बहुतेकजण उलट करतात, जोरजोरात खोल श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती आणखी वाढते.

शांत झाल्यावर वहीत लिहा, दोन आठवडे:

'मंगळवार, दुपारी 12:30. सकाळपासून तीन चहा, नाश्ता नाही. झोप 5 तास.'

विचार लिहू नका, शरीराचं लिहा. कारण पुष्कळदा आधीच्या काही तासांत असतं. अंगातलं निम्मं कॅफिन (चहा-कॉफीतलं उत्तेजक द्रव्य) उतरायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी पाचला अमृततुल्यात घेतलेला चहा रात्री दहालाही अंगात असतो. पण चहा एकदम तोडू नका, डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा.

ही वही घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली, रक्त कमी असलं, तरी हुबेहूब अशीच धडधड होते. दम्याचा पंप घेत असाल तर तेही सांगा.

तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. तेव्हा एकच सांभाळा: जिथे घाबरलात तो रस्ता टाळू नका. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती पक्की होते. सोबत कुणाला घेऊन जा, मग एकटे. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबा.

बहुतेक दिवस काळजी, तीही सहा महिने, किंवा झोप-काम बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पुण्याच्या ससून रुग्णालयातही हा विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत, चोवीस तास, मराठीतही चालतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर लगेच लावा. छातीत कळ येऊन हात-जबडा दुखला, दरदरून घाम फुटला, तर श्वास मोजत बसू नका. 108 ला (रुग्णवाहिकेला) फोन करा.