बगदादचा पाडाव सांगताना या चुका टाळा

पहिली गफलत होते ती माणसांत. १२५८ साली अब्बासी खलीफांच्या राजधानीवर, बगदादवर, चालून आलेला मंगोल सरदार हुलागू हा चंगीझ खानाचा नातू. चंगीझ स्वतः १२२७ मध्येच वारला होता. नावात ‘खान’ दिसलं म्हणून हुलागूला मुसलमान ठरवू नका, मंगोलांत ती राजपदवी होती. त्याची राणी दोकुझ खातून ख्रिश्चन होती आणि बगदादचे ख्रिश्चन कत्तलीतून वाचले.

पण तेवढ्यावरून लढाईला धर्मयुद्धाचा रंग फासला की सगळंच बिघडतं. हुलागूच्या बाजूला जॉर्जियन आणि आर्मेनियन होते, वेढ्याची यंत्रं हाताळणारे चिनी कारागीर होते, तशीच मोसुल आणि फार्सच्या मुस्लिम राज्यकर्त्यांची कुमकही होती. नसीरुद्दीन तूसीसारखा मुसलमान विद्वान त्याच्या पदरी होता. पुढच्याच वर्षी इराणातल्या मराघ्याला तूसीची वेधशाळा उभी राहू लागली.

‘पाचशे वर्षांचं साम्राज्य एका फटक्यात कोसळलं’ हेही खोडा. अब्बासी खलीफांची सत्ता ९४५ मध्ये इराणच्या बुवैही घराण्यातल्या सरदारांनी बगदाद घेतलं तेव्हापासूनच पोखरलेली होती. बाराव्या शतकात ती थोडी सावरली खरी, पण बगदादचा शेवटचा खलीफा मुस्तासिम याच्या वाट्याला आलं ते जेमतेम इराकपुरतं राज्य.

सर्वांत चिवट चूक फितुरीची. वजीर इब्न अल-अल्कमी शिया आणि खलीफा सुन्नी, म्हणजे वजिरानेच दार उघडलं, असं बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. आरोप जुना आहे, सुन्नी इतिहासकारांनी तो वारंवार केला. तो ‘आरोप’ म्हणूनच लिहावा. दरबारात वजीर म्हणत होता नजराणे देऊन मिटवा, दवातदार हा लष्करी सरदार म्हणत होता लढा, आणि खलीफा ना धड नजराणा पाठवत होता ना धड फौज उभी करत होता. जानेवारीत दवातदार फौज घेऊन बाहेर पडला, तर मंगोलांनी बांध फोडून त्याच्या पिछाडीचं रान पाण्याखाली घातलं. २९ जानेवारीला वेढा आवळला, १० फेब्रुवारीला खलीफा शरण आला. यात फितुराची गरज कुठे पडली?

बळींचे जुने आकडे एकमेकांपासून लाखालाखांनी दूर आहेत. आकडा द्यायचाच तर तो कोणाचा, तेही द्या. सोन्याच्या ढिगात उपाशी मेलेला खलीफा मार्को पोलोने रंगवलेला. पाडावाच्या वेळी पोलो चारेक वर्षांचं पोर होता!

‘खिलाफत संपली’ असं लिहिण्याआधीही थांबा. १२६१ मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्सने कैरोत अब्बासी घराण्यातला एक जण खलीफा म्हणून बसवला. ती नामधारी गादी १५१७ पर्यंत चालली. इकडे दिल्लीच्या नाण्यांवर तर मारल्या गेलेल्या मुस्तासिमचं नाव जलालुद्दीन खिलजीच्या काळापर्यंत उमटत होतं. तेव्हा असं नाणं हाती आलं तर खलीफाच्या नावावरून साल काढू नका, दुसऱ्या बाजूवरचा सुलतान कोण ते वाचा.