उभी राहिलेली सुपरकार घेताय? आधी हे बघा

पुण्यात बाणेर, कोरेगाव पार्कच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपलेल्या गाड्या दिसतात ना, त्यातलीच एखादी विकायला येते आणि मालक म्हणतो, "आठ वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर, अगदी नवीच आहे". इथेच माणूस फसतो, कारण गाडी उभी राहूनही म्हातारी होते.

पहिलं टायर. नक्षी कितीही खोल असू दे, साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा, एवढे जुने असतील तर सरळ बदलायचे, त्याचे पैसे भावातून कापून घ्या.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. जुन्या फेरारीत तो फक्त किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलतात, आणि एफ३५५ ला तर त्यासाठी अख्खं इंजिन खाली काढावं लागतं! बिल बघितल्याशिवाय "केलंय हो" वर विश्वास ठेवू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, पुढचं मी सांगत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि आपल्या पावसाळ्यात तर चुकवूच नका. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं तेही पाणी धरतं, टाकीत किती वर्षांचं पेट्रोल आहे ते विचारा. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का बघा, हसू नका.

गाडी बघायला इंजिन थंड असतानाच जायचं, दुखणी थंड इंजिन सुरू करतानाच कळतात, आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी या.